जाता-येता सारखाच शब्द

नदीकाठच्या एका गावात, फार पूर्वी, एक विणकर, त्याची बायको आणि रेवू नावाची त्यांची लेक राहत होती.

विणकर मागावर बसे, बायको शेजारी कांड्यांवर सूत भरी. कामाबरोबर दोघांचा एक खेळ चाले. सूत नेणारा धोटा डावीकडे गेला की एकाने शब्द टाकायचा, उजवीकडे परतला की दुसऱ्याने. अट एकच. धोट्यासारखा शब्दही जाता-येता सारखा हवा. उलट्या बाजूने म्हटला तरी तोच.

"जहाज!"

"मलम!"

"मलम काल झालं. तुमच्या डोक्यालाच लावा ते," बायको म्हणे आणि रेवू खिदळे.

एका थंडीत बायकोने अख्खं वाक्यच टाकलं. विणकराला उत्तर सुचेना. "द्या सवडीने," ती म्हणाली. त्याच आठवड्यात ती तापाने गेली.

विणकराने खेळ बंद केला. रेवूने एकदा शब्द टाकून पाहिला, तर तो म्हणाला, "तो खेळ तिचा होता, बाळ. त्याला हात लावू नकोस." बायकोचं ते शेवटचं वाक्य त्याने मनात जपलं. ओठांवर कधी आणलं नाही.

वर्ष सरलं. एका सकाळी धोटा फेकताना त्याला ते वाक्य आठवेना. पहिलं अक्षरसुद्धा नाही. धोटा त्याने खाली ठेवला. मग उठला आणि नदीकडे चालू लागला.

घाटावर मुली चेंडू झेलत होत्या. चेंडू जाई, शब्द जाई. चेंडू येई, शब्द येई. मधोमध रेवू होती.

"रेवू! तुला नको म्हटलं होतं ना?"

रेवू गोरीमोरी झाली. पण चेंडू हवेत होता. तो झेलत एक चिमुरडी ओरडली, "वाह, कडक हवा!"

विणकर जागीच थबकला. तेच ते वाक्य. "हे कुठून आणलंस?"

"रेवूच्या आईचं आहे. आम्हां सगळ्यांना येतं." तिने चेंडू त्याच्याकडे टाकला. "आता डाव तुमच्यावर, काका."

विणकराने चेंडू झेलला. तो म्हणाला, "जहाज."

"जहाज मघाशीच झालं! दुसरा सांगा!"

त्याने चेंडू या हातातून त्या हातात घेतला.

"कणिक," तो म्हणाला आणि चेंडू रेवूकडे फेकला.

तात्पर्य विणकरांच्या घरचंच: घडी न मोडलेलं वस्त्र घडीवरच विरतं. गेलेल्या माणसाची आठवणही चारचौघांत वापरात राहिली, तरच टिकते.