ठकूबाईने आठ दिवस अडवलेला कान

तांबडमाळला नदी ओलांडायला होडीसुद्धा नव्हती, त्या काळची ही गोष्ट. गावात ठकूबाई नावाची सुईण होती. तीस वर्षं गावातलं प्रत्येक मूल तिच्याच हातात पहिल्यांदा रडलं. मग तिची धाकटी जाऊ भागू हाताखाली आली आणि ठकूबाईच्या सुखाला दृष्ट लागली.

भागूला बाळांचे कान कळायचे. कुणाचा कान वरून दुमडलेला, कुणाचा सुपासारखा बाहेर आलेला. भागू कोमट तेलाचं बोट फिरवायची, कापसाची वळी करून कानाच्या घडीत बसवायची आणि मऊ पट्टी बांधायची. महिन्याभरात कान सरळ. जन्मतःच जरा खालच्या जागी असलेला, पण सरळ कान मात्र ती हलवायची नाही. "तो त्याच्या जागी आहे," म्हणायची. तिच्या बोटांत मेणाची ऊब होती, असं म्हणतात.

लोक भागूचं नाव घेऊ लागले. बाळंतपण ठकूबाईने करायचं आणि साडीचोळी भागूला. ठकूबाईला घास गोड लागेना.

एकदा कुंभाराच्या सुनेला मुलगी झाली. दोन्ही कान कोमेजलेल्या पानासारखे लोंबलेले. भागूने पट्ट्या बांधल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी घरची माणसं भट्टीवर होती आणि बाळंतीण झोपली होती. ठकूबाई पट्ट्या सोडायला आत शिरली. भागूची फजिती होऊ दे, एवढंच तिच्या मनात होतं.

तिने डाव्या कानाची पट्टी सोडली आणि पाहिलं, तर वळी चुकीच्या घडीत बसली होती. तीस वर्षांच्या हाताला ते बघवेना. तिने वळी नीट बसवली, पट्टी पुन्हा बांधली आणि स्वतःवरच चरफडत घरी आली.

चार दिवसांत डावा कान उभा राहिला. भागू ठकूबाईच्या दारात आली.

"जाऊबाई, डाव्या कानाची गाठ तुमच्या हातची आहे."

"माझी नव्हे."

"ज्याची असेल त्याने उजवाही बघावा. मला जमत नाही. दिवस गेले की कान कडक होतो."

ठकूबाईने दार लोटून घेतलं. आपण कान सरळ करायचा आणि नाव भागूचं व्हायचं? एक दिवस गेला, दोन गेले. रोज ती कुंभाराच्या अंगणावरून जायची आणि आत न जाता परतायची. असे आठ दिवस तिने काढले. नवव्या दिवशी ती भागूकडे गेली.

"बांधते. पण सगळ्या गावाला सांगायचं, कुणी बांधला ते."

"सांगते की," भागू म्हणाली.

आणि तिने खरंच सांगितलं. महिन्याभराने झालेल्या बारशाला, भरल्या घरात, दोन्ही कान जाऊबाईंनीच सरळ केले म्हणून. ठकूबाईला वाटलं होतं, आता जीव थंड होईल. पण एवढं सहज देऊन टाकणारं मन हिच्याकडे आहे आणि आपल्याकडे नाही, हे पाहून ती आणखीच जळली. शिवाय उजव्या कानाचं टोक जरा मुडपलेलंच राहिलं. आठ दिवसांचा उशीर. ती पोर पुढे आयुष्यभर तिच्या डोळ्यांसमोर हिंडली.

त्यानंतर ठकूबाईने एकही दिवस वाया घालवला नाही. भागूच्या आधी पोचायचं, एवढाच ध्यास. नुसत्या रडण्यावरून कुठला कान दुमडलाय हे तिला कळायचं, असं म्हणतात. नदीला पूर असला तरी तिच्यासाठी पाणी गुडघ्याएवढं व्हायचं आणि मागून येणाऱ्या भागूसाठीही तसंच राहायचं, असंही म्हणतात. बारा गावांत वाकडा कान उरला नाही.

आजही तांबडमाळला मूल जन्मलं की दुसऱ्याच दिवशी घरातल्या नाहीतर शेजारच्या दोन जावा येतात. डावा कान ठकूचा, उजवा भागूचा. दोघी तेलाचं बोट फिरवतात आणि आपलाच कान देखणा म्हणून भांडतात. कुणाचा खरंच देखणा, हे बाळाच्या आईने मात्र सांगायचं नसतं.