केरबा वैद्याची हाळी

किती पिढ्या उलटल्या ते आता कुणालाच सांगता येत नाही, पण शेवरवाडीवर घाटातलं धुकं तेव्हाही असंच उतरायचं आणि धुक्यामागून ताप यायचा. त्या काळी तिथे केरबा नावाचा वैद्य राहत होता. त्याने नाडीवर बोट ठेवलं की ताप उठून चालू लागायचा, असं म्हणतात.

केरबाचा एक नेम होता. औषध हवं तर अधोलीभर नाचणी आणायची. पाटील असो की मोळीविकी, माप एकच. बिनमापाचं औषध लागू पडत नाही असं गुरूने त्याला बजावलं होतं, आणि दारात येणाऱ्या प्रत्येकाला तो तेच ऐकवायचा. आपण कुणात डावंउजवं करत नाही याचा त्याला भारी अभिमान. पाटलाच्या कणगीला अधोली गेल्याचा पत्ताही लागत नसे. ओढ्यापलीकडच्या चिमा मोळीवालीची चूल मात्र तेवढ्या नाचणीवर चार दिवस पेटायची. हे शहाण्या केरबाच्या कधी ध्यानातच आलं नाही.

एका पावसाळ्यात चिमाचा नवरा तापाने पडला. तिने घरातली होती नव्हती ती नाचणी केरबापुढे ओतली आणि नवरा उठला. मग तिची लहानगी येसू पडली. वैद्याचं घर हाकेच्या अंतरावर, पण चिमा आली नाही. पोर गेल्याचं कळल्यावर केरबा चिखल तुडवत तिच्या दारी गेला आणि का आली नाहीस म्हणून रागावला.

"अधोली भरंना, तात्या," चिमा म्हणाली. "बिनमापाचं औषिद लागत न्हाई. तुमीच सांगितलं न्हवं?"

केरबा आल्या पावली माघारी फिरला. घरी जाऊन त्याने नाचणी मोजायची ती लाकडी अधोली कुऱ्हाडीने फोडली. मग औषधांची झोळी खांद्याला लावून तो दारोदार हाळी देत फिरू लागला, "घरात कुणी निजून हाय का?" पण त्याचीच शिकवण आता लोकांच्या हाडीमाशी भिनली होती. फुकटचा काढा ते हात जोडून घेत आणि त्याची पाठ वळताच उकिरड्यावर ओतत. पुढे पुढे तर हाळी ऐकली की आजाऱ्यावर घोंगडं टाकायचे. घोंगड्याखालचा खोकला केरबाला ऐकू यायचा आणि तो दारातच रडायचा. त्या दारांपुढची माती उन्हाळ्यातही ओली राहायची, असं म्हणतात.

फिरता फिरता केरबा झिजत गेला. आधी त्याची सावली गेली, मग देह गेला, आणि शेवटी नुसती हाळी उरली.

आता घाटाखाली मोठा दवाखाना झाला आहे. तिथेही दर सगळ्यांना सारखाच. आषाढात धुकं उतरलं की गावातला एक जण केरबाच्या नावाने घरोघर विचारत जातो. माडीच्या घरांतून लगेच सांगतात, म्हाताऱ्याला कफ झालाय, सकाळी खाली नेतोय. ओढ्यापलीकडे दार अर्धंच उघडतं. बाई उंबऱ्यात आडवी उभी राहते.

"सगळी बरी हायेत," ती म्हणते, आणि विचारणारा पुढच्या दाराकडे वळतो.