हुक्केबरदाराचा दम

एका सरदाराच्या पदरी सटवाजी नावाचा पन्नाशीचा हुक्केबरदार होता. निखारा फुलेपर्यंत धन्याच्या हुक्क्याचे पहिले झुरके स्वतः ओढायचे, ही चाल तो वीस वर्षे पाळत आला होता. एकदा गडाच्या पायऱ्यांवर तो खोकत खाली बसला. हे कळताच सरदार भर दरबारात गरजले, “सटव्या, तुझ्यापेक्षा म्हातारा बैल बरा! तंबाखू सोड. महिन्याभरात न थांबता गड चढ, नाहीतर चाकरी सुटली!”

सटवाजीने मुजरा केला. “सोडली, सरकार. स्वतःसाठी मी चिलीम कधी भरलीच नाही. उद्यापासून आपला हुक्का तेवढा मला पेटवायला सांगू नका.”

सरदारांनी हुकूम मागे घेतला.

अशा कथांत चतुराला बक्षीस मिळते. सटवाजीची मात्र फक्त चाकरी टिकली, आणि सकाळी हुक्का पुन्हा त्यालाच फुलवावा लागला.