वसईचे दोन झगे

तुमच्या आज्याच्या मिश्या काळ्याभोर होत्या ना, तेव्हाची गोष्ट. वसईत इनास शिंप्याच्या दुकानात लग्नाचे दोन पांढरे झगे टांगलेले होते. एक टिकल्या, मोती नि झालरींनी लगडलेला. दुसरा अगदी साधा, नुसती सरळ शिलाई.

"ए पलंगपोस," नटवा झगा साध्याला रोज चिडवायचा, "यंदा कोणी नेलं नाय, तर इनास तुझे उशांचे अभ्रे शिवणार हां!" बिचाऱ्या साध्याच्या शिवणी भीतीनं आवळायच्या.

एक दिवस कारमेल नवरी आईला घेऊन आली. पोरगी भारी नाचरी! बँड वाजला की हिचे पाय जमिनीवर ठरायचे नाहीत. म्हणून झगा घालून आधी गिरकी मारायची, मगच घ्यायचा, असं तिचं ठरलेलं. नटवा घालून तिनं गिरकी मारली मात्र, टिकल्यांत आईची वेणी अडकली, झालरीत इनासची टोपी गेली, आणि मागच्या शेपटानं शिलाईमशीनच ओढत आणलं.

"अगो थांब," इनास ओरडला, "माझं दुकान निघालं वरातीला!"

हसून हसून लाल झालेल्या कारमेलनं मग साधा झगा घातला. श्वास रोखून तो तिच्याबरोबर फिरला, भुर्रकन फुलला, अलगद खाली बसला. आई बघतच राहिली.

"बाय माझी, ही खळी कधीपासून गो तुझ्या गालावर? इनास, हाच बांध!"

साधा कागदात गुंडाळला जात होता, तेव्हा नटव्यानं रडवेल्या आवाजात विचारलं, "अरे, तू असं केलंस तरी काय?"

"काय नाय रे," साधा म्हणाला, "मी फक्त मधे आलो नाय."