पेस्तन चेंबर्सचं तोंड

"पण दर्शनी भाग तर तसाच राहतोय ना, सर?"

नवलकर सर बुटाची नाडी बांधत होते. नाडी बांधताना ते कुणाशीच बोलत नसत.

केतकीने तोच प्रश्न पुन्हा विचारला. आज उत्तर घेतल्याशिवाय परत जायचं नाही, असं ठरवूनच ती आली होती.

सर उठले, छत्री काखेत मारली आणि आभाळाकडे बघत राहिले...

रविवारची सकाळ होती. फोर्टातली दुकानं बंद, फुटपाथ मोकळे, आणि चौकात जमलेली पंधरा-वीस माणसं. आर्किटेक्चर कॉलेजात शिकवत होते तेव्हापासून, आणि निवृत्तीनंतरही, सर दर रविवारी लोकांना इथल्या जुन्या इमारती दाखवत. माइक नाही, टोप्या नाहीत, झेंडा नाही. इमारत नीट बघण्याआधीच कुणी मोबाइल काढला, तर तो खिशात जाईपर्यंत सर पुढचं वाक्य बोलत नसत. त्यामुळे काही माणसं एकदाच येत आणि काही जन्मभर येत राहत.

केतकी सामंत जन्मभर येत राहणाऱ्यांतली. सरांची सगळ्यात हुशार विद्यार्थिनी, आणि हे सरांच्या आधी तिला स्वतःला कळलं होतं. आता तिचं स्वतःचं ऑफिस होतं, हाताखाली माणसं होती आणि पेस्तन चेंबर्सचं काम होतं.

पेस्तन चेंबर्सच्या मालकांना जुन्या इमारतीच्या जागी काचेचा टॉवर हवा होता. केतकीने मधला मार्ग काढला. रस्त्याकडची भिंत तेवढी ठेवायची, तिला मागून लोखंडी टेकू द्यायचे, बाकी सगळं पाडून टॉवर उभा करायचा. वर्तमानपत्रांनी ओरड केली. उद्या जुन्या इमारतींच्या वारसा समितीची बैठक होती, आणि समितीतला प्रत्येक जण तिला एकच विचारत होता, की नवलकर काय म्हणतात? 'इमारत वाचली' एवढे दोन शब्द सर म्हणाले असते, तर तिचं काम झालं असतं. नाही म्हणाले असते, तर दोन वर्षांची मेहनत पाण्यात गेली असती.

"तुळयांना वाळवी लागलीय," ती म्हणाली. "भाडेकरू निघून गेले. मी काही केलं नाही तर सगळंच पडेल. सगळं पडण्यापेक्षा तोंड तरी राहू दे."

सरांनी छत्री एका काखेतून दुसऱ्या काखेत घेतली.

मग तिने राखून ठेवलेलं अस्त्र काढलं.

सरांचा एक नेम होता. त्यांच्या फेरीत कुणी कधी कुठल्याही इमारतीचा उंबरठा ओलांडत नसे. आत माणसं राहतात, कामं करतात, आपण त्यांचे कोण, असं ते म्हणत. दार उघडं असलं तरी ते फुटपाथवरूनच बोलत. एकदा कुठल्याशा शेठने स्वतः खाली येऊन चहाला बोलावलं, तेव्हाही सरांनी चहा बाहेर मागवून घेतला होता. कॉलेजातली मुलं याची टिंगल करत आणि तरी मोठी झाल्यावर तसंच वागत.

"इतकी वर्षं तुम्ही आम्हाला इमारती बाहेरूनच दाखवल्यात," केतकी म्हणाली. "आत कधी नेलं नाहीत. शहराला मिळतो तो दर्शनी भाग, हे मी तुमच्याकडूनच शिकले. आता मी तेच केलं, तर तुम्ही तोंड का फिरवता?"

सरांनी पहिल्यांदाच तिच्याकडे नीट पाहिलं.

"माझ्याकडून हे शिकलीस?"

"हो. तुमच्याकडूनच."

"बरं," सर म्हणाले. "आजची फेरी तू घे. मी मागे चालतो."

केतकीला वाटलं, जिंकले. या फेरीत दुसऱ्या कुणाला बोलायला मिळाल्याचं तिने कधी ऐकलं नव्हतं. तिने पदराचं टोक कमरेला खोचलं आणि ती पुढे झाली.

फेरी तिने छान घेतली, हे कबूल करायला हवं. जुन्या बँकेच्या कमानी, कोपऱ्यावरच्या विमा कंपनीचा घुमट, गल्लीच्या तोंडाशी असलेला पाणपोईचा दगडी सिंह, एकेक तिने असं सांगितलं की माणसं माना वर करकरून बघत राहिली. सर मागून मुकाट चालत होते. कुणी काही विचारलं तर छत्रीने केतकीकडे खूण करत.

शेवटी सगळे पेस्तन चेंबर्सपाशी आले.

मालकांचे मॅनेजर कपाडिया तिथे आधीच उभे होते. रविवार असूनही इस्त्रीचा शर्ट. नवलकर सर आज आशीर्वाद देणार असं त्यांना केतकीने कळवलं होतं. आपण तो देणार आहोत याची सरांना अजून कल्पना नव्हती, पण केतकीचा आत्मविश्वास नेहमीच एक पाऊल पुढे असे.

ती बोलू लागली. खाली काळ्या दगडाचं जोतं. वर मालाडचा पिवळसर दगड, ऊन पडलं की तूप लावल्यासारखा दिसणारा. बिडाचे कठडे. मधल्या कमानीच्या माथ्यावर एक दाढीवाला चेहरा, पेस्तनजी शेठचा. घडवताना पाथरवटाने त्यांच्या एका भुवईत जरा जास्तच राग भरला होता. लोक हसले. कपाडियाही हसले.

दादरहून आलेल्या एक बाई होत्या, खांद्याला कापडी पिशवी. त्या दाराकडे मान वळवून म्हणाल्या, "आणि आत काय आहे?"

केतकीने दाराकडे मान वळवली नाही.

"आत काही नाही," ती म्हणाली. "इमारत म्हणजे हेच. तुम्हाला समोर दिसतंय ते."

"नक्की?" मागून सरांनी विचारलं.

"नक्की, सर."

सरांची छत्री मिटलेलीच होती, ती त्यांनी काखेत घट्ट धरली. माणसांमधून वाट काढत ते पुढे आले, पेस्तनजी शेठच्या रागीट भुवईखालून गेले आणि उंबरठा ओलांडून आत शिरले.

कुणाचा विश्वास बसेना. वॉचमन स्टुलावरून उठला, पण अडवावं की सलाम करावा हे त्याला ठरवता आलं नाही.

आत एक रुंद लाकडी जिना होता. मोकळ्या चौकाभोवती वळत वळत वर जाणारा, माथ्यावर मळकट काचांचं छत. तिथून उतरलेला उजेड तळापर्यंत पोचत होता. कठड्याचं सागवान हात फिरून फिरून गुळगुळीत झालं होतं. सर खालच्या एका पायरीवर बसले आणि छत्री मांडीवर आडवी ठेवली.

दादरच्या बाई त्यांच्यामागे निघाल्या. सरांनी हात वर करून त्यांना थांबवलं. नेम त्यांना स्वतःपुरताच मोडायचा होता, बहुतेक.

कपाडियांचा चेहरा उतरला. जिना धोकादायक म्हणून जाहीर केलेला, म्हातारा माणूस पडला तर सगळं आपल्या गळ्यात येईल, मालक काय म्हणतील... ते केतकीच्या कानाशी भराभर बोलत होते. मग जरा मोठ्याने म्हणाले, "मॅडम, तुम्ही यांना बाहेर बोलवा. नाहीतर मला पोलीस बोलवावे लागतील."

केतकी उंबरठ्यापर्यंत गेली. तिथे तिचे पाय थांबले.

हा जिना तिने पहिल्या भेटीत पाहिला होता. त्यानंतर मुद्दाम पाहिला नव्हता. समितीला दिलेल्या फोटोंत तो कुठेच नव्हता, आणि कुणी त्याबद्दल विचारलंही नव्हतं. आज तो तिच्या समोर होता, आणि त्याच्यावर तिचे गुरुजी बसले होते. तिला सरांचा भयंकर राग आला. चारचौघांत, मॅनेजरसमोर, बैठकीच्या आदल्या दिवशी.

"आजवर तुम्ही कधी आत गेला नाहीत," ती म्हणाली. "माझ्याच इमारतीत जायचं होतं?"

"हो."

"तुळया कुजल्यात, सर. मी खोटं बोलत नाहीये."

"माहीत आहे. दुरुस्त होतात. तुला मीच शिकवलंय ते."

"परवडत नाही त्यांना."

सर कठड्यावर हात ठेवून बसून राहिले, जणू कुणाच्या खांद्यावर ठेवावा तसा.

कपाडियांनी मोबाइल काढला. फेरीतली माणसं चुळबुळत होती, पण एकही हलला नाही. पोलीस आले तर या हट्टी म्हाताऱ्याला ते धरून नेतील, आणि तेही आपल्या कामाच्या जागेवरून, हे केतकीला स्वच्छ दिसलं. राग होता, भीती होती, आणि लाजही होती, पण ती तिने कुणाला दिसू दिली नाही.

"सर," ती म्हणाली. आवाज चिरकला. "माझं ऐका. बाहेर या."

सर जागचे हलले नाहीत...

"आत काही नाही, असं आत्ताच म्हणालीस," ते म्हणाले. "मग मला कुठून बाहेर बोलावतेस, केतकी?"