कुंजादाईची खाट

गोदावरीच्या काठी पोतन नगर होतं आणि अश्मकांचा राजा तिथे सुखाने राज्य करीत होता. त्या दिवसांत बोधिसत्त्व रुद्रिल नावाच्या श्रेष्ठीचा मुलगा होऊन जन्माला आला. नाव ठेवलं सोमिल. त्याला जन्म देऊन आई गेली, म्हणून कुंजा नावाच्या दाईने त्याला अंगावर पाजून वाढवलं.

रुद्रिलाच्या घराण्याचा एक नेम होता. घरात कुठलाही जीव मारायचा नाही. नेम चांगलाच, त्यात वाद नाही. मुंग्यांना वळचणीला पीठ पडायचं. दिव्यावर पतंग जळू नयेत म्हणून पातळ फडकं असायचं. वाळवीला परसातलं एक जुनं दार अख्खं आंदण दिलेलं होतं. झुरळाला झाडूचा धक्का लागला तर झाडणाऱ्या बाईला त्या दिवशी उपास घडायचा. राहता राहिले ढेकूण. आता ढेकणाला पीठ चालत नाही आणि दारही चालत नाही. त्याला काय लागतं ते तुम्हाला ठाऊक आहे.

म्हणून रोज सकाळी घरातल्या खाटा अंगणात आणून आपटायच्या, खाली पडलेले ढेकूण मोराच्या पिसाने अलगद भोपळ्याच्या तुंब्यात भरायचे, आणि तो तुंबा मागच्या खोलीत नेऊन रिकामा करायचा. पुढे त्या ढेकणांचं काय होतं, हे घरात कुणी विचारत नसे. विचारायचं कशाला? झोप गाढ लागत होती. हळूहळू शेजारीपाजारी आपापले तुंबे पाठवू लागले, मग सगळी पेठ पाठवू लागली. लोक रुद्रिलाला जीवदयाळ म्हणत, आणि तो मान खाली घालून ते ऐकून घेई. ऐकायला त्याला आवडतही असे.

सोमिल मोठा झाला आणि तांड्याबरोबर व्यापाराला गेला. पुष्कळ दिवसांनी तो परतला, तेव्हा घरी मोठी गडबड होती. एवढ्या पिढ्या ज्या घरात जीव मेला नाही, त्या घराला राजा नगरश्रेष्ठीची पगडी देणार होता. दुसऱ्याच दिवशी राजाचा अमात्य वाजतगाजत येणार होता. ती पगडी पुढे सोमिलाच्याच डोक्यावर यायची, हे उघड होतं.

सोमिलाने आधी दाईची चौकशी केली. वडील म्हणाले, म्हातारी झाली, काम होईना, तिची सोय लावून दिली आहे. कुठे, ते त्यांनी सांगितलं नाही. सोमिलाला वाटलं, गेली असेल आपल्या गावी.

दुपारी जेवणं झाली आणि घरातली माणसं आडवी झाली. सोमिल परसात उभा होता. समोरून गडी तुंबा घेऊन आला. त्याने मागच्या खोलीचं दार बोटभर उघडलं, तोंड दुसरीकडे फिरवून तुंबा आत उलटा केला आणि दार लोटून झपाझप निघून गेला. दाराच्या राहिलेल्या फटीतून एक वास आला, कुजलेल्या कोथिंबिरीसारखा. वासामागून आवाज आला. आत कुणीतरी हलकेच गुणगुणत होतं.

"पोट भरलं, डोळे मीट. पोट भरलं, डोळे मीट."

सोमिलाच्या अंगावर सर्रकन काटा आला. हे गाणं जगात एकच बाई म्हणत असे, आणि ते त्याच्यासाठी म्हणत असे.

त्याने दार ढकललं. खोलीला खिडकी नव्हती. बाहेर रणरणतं ऊन होतं आणि आत कायमची रात्र. पहिल्यांदा त्याला भिंत हलतेय असं वाटलं. नजर सरावली तेव्हा कळलं, भिंत जागच्या जागीच होती, तिच्यावरचं सगळं हलत होतं. मधोमध एक खाट होती. खाटेचा काथ्या काळा पडून फुगला होता. त्यावर कुंजादाई उघड्या हातापायांनी निजली होती, वाळल्या भोपळ्याएवढी हलकी.

"कोण, सोमू?" ती म्हणाली. "हळू बोल रे बाळा. आत्ताच पोटं भरून निजलीत."

सोमिलाने तिला उचलायला हात घातला, तर तिने खाटेची दोरी घट्ट धरली. ती सांगू लागली, की तिला इथे काही कमी नाही. दोन वेळा दूधभात येतो. धन्याने सांगितलंय, एवढ्या जिवांना पोसलंस तर पुढचा जन्म मोठ्या घरात मिळेल. तिच्या आधी माळ्याची आई होती या खाटेवर. ती गेली आणि तिला उचललं तेव्हा खाट अजून ऊबदार होती. ती ऊब जायच्या आत कुंजाला निजवलं, कारण ऊब गेली की ही लेकरं भुकेने रात्रभर भिंती कुरतडल्यासारखी हिंडतात. हे सगळं ती अगदी मायेने सांगत होती, आणि सांगता सांगता दंडावरून चालणाऱ्या एकाला बोटाने हळूच कोपराकडे वळवत होती.

"माय, मर‍शील तू इथे," सोमिल म्हणाला.

"तुला पाजलं, यांना पाजते," ती म्हणाली. "मी उठले तर यांना कोण आहे?"

सोमिल तसाच वडिलांकडे गेला. रुद्रिल पगडीसाठी आणलेलं रेशमी आसन बघत होता. मुलाचं बोलणं त्याने शांतपणे ऐकून घेतलं. तिला कुणी बांधलंय का, दाराला बाहेरून अडसर आहे का, असं त्यानेच उलट विचारलं. एकीच्या अंगावर लाखो जीव जगतात, हा हिशेब कुणालाही कळावा. आणि उद्या अमात्य येणार, आज हे खूळ कुठून काढलंस?

"बाबा, हे पुण्य कुणाचं?" सोमिलाने विचारलं.

"ज्याच्या घरात घडतं त्याचं," रुद्रिल म्हणाला, आणि पुन्हा आसन बघू लागला.

सोमिल वाद घालत बसला नाही. तो मागच्या खोलीत गेला, अंगातलं वस्त्र उतरवून बाजूला ठेवलं आणि खाटेशी बसून म्हणाला, "माय, तू दमलीस. आता थोडा वेळ मी पाजतो. ऊब जाऊ देणार नाही."

एवढं ऐकल्यावर मात्र ती उठली. तान्हं मूल दुसऱ्याच्या मांडीवर द्यावं तशी जपून उठली, आणि सोमिल तिच्या जागी निजला.

सुरुवातीला काहीच झालं नाही. मग खाट जागी झाली. काथ्यातून, पायांच्या खाचांतून, भिंतीवरून ते खाली आले. त्यांना घाई नव्हती. मान, बगला, पापण्यांच्या कडा, सगळीकडे ते येऊन बसले. सोमिलाला ओरडावंसं वाटलं, आणि त्याच क्षणी त्याच्या मनात आलं की ही बाई इथे कधी ओरडलीच नाही. त्याने डोळे मिटले. उशाशी दाई गुणगुणत बसली. ती आता कुणासाठी म्हणत होती, त्याच्यासाठी की त्यांच्यासाठी, ते त्याला कळेना, आणि त्याला खरी भीती वाटली ती तेव्हा.

दुसऱ्या दिवशी दारात ढोल वाजू लागले. अमात्य आला, पेठ लोटली, आणि मुलगा कुठे दिसेना. रुद्रिल शोधत शोधत परसात आला आणि जन्मात पहिल्यांदा त्या खोलीच्या आत शिरला. सोमिलाचं तोंड सुजून ओळखू येत नव्हतं.

"ऊठ," रुद्रिल म्हणाला. त्याचा आवाज चिरकला होता.

"उठतो," सोमिल म्हणाला. "पण कुणीतरी निजायला हवं. तुमचा नेम मोडायचा नाही मला."

रुद्रिलाने मागे गड्याकडे पाहिलं. गडी दोन पावलं मागे सरला. बाजारातून कुणाला तरी आण, मागेल ते देऊ, असं रुद्रिल त्याला सांगू लागला, तेव्हा सोमिल खाटेवरूनच बोलला.

"दुसऱ्याचं रक्त दिलं तर ते दान नाही, बाबा. ती चोरी आहे. तुम्ही निजा, मी उठतो."

बाहेर लोक जीवदयाळाच्या नावाचा घोष करीत होते. रुद्रिल त्या घोषाला भुलला म्हणा, की मुलाचं तोंड पाहवेना म्हणून म्हणा, तो खाटेच्या काठावर बसला. दोरीवर त्याने हात टेकला. हात नवा होता, भरलेला होता. ते सगळे सोमिलाला सोडून हळूहळू त्या हाताकडे वळले. अंधारात नुसती सळसळ झाली. एक घास गिळून होईल एवढाच वेळ तो बसला असेल. मग किंचाळून उठला आणि दाराच्या उजेडात जाऊन आपला हात बघू लागला. हात बघून झाल्यावर त्याने दाईचा दंड पाहिला. पुष्कळ वेळ पाहिला.

"चूक झाली," तो म्हणाला. "खाट बाहेर काढा."

तसाच उघड्या डोक्याने तो अंगणात गेला आणि अमात्याला म्हणाला, की पगडी परत न्या, या घरात माणसं मेली आहेत.

ती खाट नगराबाहेर खडकाळ माळावर नेऊन ठेवली. ऊन तापलेलं होतं. काही ढेकूण दगडांच्या सावलीत गेले, काही वाळले. सोमिल त्यांच्या शेजारी त्याच उन्हात, डोक्यावर काही न घेता, दिवस मावळेपर्यंत बसून राहिला. त्यांचं जे झालं, ते न बघता घरी जाणं त्याला पटलं नाही.

पुढे पेठेतले तुंबे बंद झाले. ज्याने त्याने आपली खाट आपण राखावी असं ठरलं. लोक दोऱ्या सैल करून खाटा उन्हात टाकू लागले, भिंतीच्या फटी चुन्याने बुजवू लागले, वेखंडाची धुरी देऊ लागले. घर स्वच्छ असलं की मारायची वेळच फारशी येत नाही, हे त्यांना उशिरा का होईना उमगलं. कुंजादाई सोमिलाजवळ राहिली आणि अंगाने भरली. पण झोपेत ती अखेरपर्यंत दंड उघडा टाकायची आणि गुणगुणायची. सोमिल रोज तो दंड पांघरुणात घालायचा.

पुढे पुष्कळ जन्मांनी, बोधी मिळालेल्या शास्त्यांनी, म्हणजे गुरूंनी, ही कथा विहारात एका धनिक उपासकाला सांगितली. तो उपासक व्रताच्या दिवशी स्वतः जेवत असे आणि आपल्या नावाने उपास करायला एक मजूर बसवीत असे. त्या दिवशीही तो मजूर मागे खांबाला टेकून बसला होता, भुकेने मान पडलेली.

"त्या वेळचा रुद्रिल तो तूच," शास्ते म्हणाले. "सोमिल तो मी. आणि कुंजादाई कोण म्हणशील, तर तो बघ, मागे खांबाशी बसलाय. उपासका, तू तिला पुन्हा खाटेवर निजवलं आहेस."

उपासक उठून मागे गेला, आपल्यासाठी आणलेलं ताट त्या माणसापुढे ठेवलं आणि त्याचं जेवण होईपर्यंत स्वतः उपाशी त्याच्याजवळ बसून राहिला. या जन्मात बोधिसत्त्वाने जी पारमिता, म्हणजे गुणाची परिपूर्णता, जोपासली ती दानाची, आणि ज्या दानाची झळ आपल्या अंगाला लागते, त्यालाच शास्ते करुणा म्हणत.