शिंगाची मूठ

एकदा एक म्हातारा कारागीर बंदराच्या गावात वस्तऱ्यांच्या मुठी बनवीत असे. कोणतं बंदर ते विचारू नका. विचारलंत तर मी तुमच्याच गावाचं नाव सांगेन, मग बसाल शेजाऱ्याकडे संशयानं बघत. आणि वस्तऱ्याची मूठ म्हणजे काय, हे रोज गुळगुळीत दाढी करून फिरणाऱ्या सद्गृहस्थांनाही ठाऊक नसतं, म्हणून सांगून टाकतो. दोन पातळ पट्ट्या, टोकाशी एक खिळा, आणि मधल्या फटीत पातं मिटून राहतं. दाढी झाली की पात्यानं तिथं जायचं. मूठ म्हणजे पात्याचं घर, एवढं ध्यानात ठेवा.

त्या गावचा एक धनाढ्य व्यापारी आपल्या दिवंगत पित्याचा वस्तरा घेऊन आला. पातं अव्वल होतं, पण म्हशीच्या शिंगाची जुनी मूठ काळवंडून खिळ्यापाशी चिरली होती. व्यापाऱ्याचा एकुलता एक मुलगा प्रथमच समुद्रापार निघाला होता. त्याला हा वस्तरा द्यायचा होता.

"शिंगबिंग नको. चांदीची मूठ घाला," व्यापारी म्हणाला. "माझ्या घरातून गेलेली वस्तू चार लोकांत चकाकली पाहिजे. हे आमचं रत्न तर काही चकाकत नाही!"

रत्न शेजारीच उभं होतं. बाप चार पावलं पुढे गेल्यावर मुलगा म्हाताऱ्याच्या शिष्याला हळूच म्हणाला, "मूठ टिकाऊ कर, दादा. पुन्हा दुरुस्तीला आणायचा नाही मी. तिकडेच राहणार आहे."

शिष्यानं ते म्हाताऱ्याच्या कानावर घातलं. "बाबा, शेठजींना सांगायला नको का?"

"सांग की. ऐकू येईल त्यांना?" म्हातारा मिशीत हसला. "तू आपली चांदीची मूठ कर. अशी कर की बघणाऱ्यानं तोंडात बोट घालावं."

शिष्यानं जीव ओतला. मुठीवर वेल चढवला, वेलावर मोर बसवला. पात्याला धार लावली ती अशी, की हवेत धरलेला केस नुसत्या स्पर्शानं दुभंगला. म्हाताऱ्यानं पाहिलं, मान डोलावली आणि जुनी शिंगाची मूठ गुपचूप आपल्या बैठकीखाली सरकवली.

ठरल्या दिवशी व्यापारी गावातले प्रतिष्ठित मित्र घेऊन आला. मुलगा मागे होताच. व्यापाऱ्यानं वस्तरा उघडला, मित्राला दाखवला, मिटवला. टक्!

"पाहिलंत? नाहीतर आमचे चिरंजीव. चार माणसांत तोंड उघडत नाहीत." पुन्हा उघडला, दुसऱ्याला दाखवला. टक्! "गेल्या वर्षी मिरीचा सौदा घालवून आले. मी दारातच विचारलं, घरी कशाला आलास?" टक्!

मित्र हसले. मुलगा आपल्या पायांच्या अंगठ्यांकडे बघत राहिला.

म्हातारा अदबीनं उठला. "शेठजी, पहिला मान तुमचा. बसा. तुमच्याच दाढीनं मुहूर्त करू."

व्यापारी खूश होऊन बसला. म्हाताऱ्यानं पाणी लावून दाढी भिजवली, वस्तरा उघडला आणि गालावर पहिलाच हात फिरवला.

"अगं आई गं! मेलो!" शेठजी बसल्या जागी वीतभर उडाले. "केस कापतोस की उपटतोस? कुणी लावली रे ही धार?"

शिष्य पांढराफटक पडला. "बाबांची शपथ! सकाळी हवेतला केस कापला होता यानं!"

"खोटारड्या! उद्यापासून या गावात..."

वाक्य पुरं झालंच नाही. म्हाताऱ्यानं खिळा काढून पातं बाजूला ठेवलं, ती वेलाची, मोराची मूठ ऐरणीवर मांडली आणि हातोडा हाणला. मोराचा पार चेंदामेंदा झाला. दुसऱ्या घावाला मुठीचा नुसता गोळा उरला.

शिष्याच्या डोळ्यांत पाणी तरारलं. व्यापारी अर्ध्या ओल्या दाढीनिशी आ वासून बसला. माशी आत जाऊन बाहेर आली असती तरी त्याला कळलं नसतं.

मग म्हाताऱ्यानं पातं उन्हात धरलं. धारेला जागोजागी बारीक दाते पडले होते.

"या पात्यानं सकाळपासून कुणाची दाढी केली नव्हती, शेठजी," तो म्हणाला. "ते नुसतं घरी गेलं आणि बाहेर आलं. कधी वाकडं मिटलं, की आत चांदीवर आपटलं. जगात जाऊन बोथट झालं नाही हो हे. घरी येऊन झालं."

त्यानं बैठकीखालची जुनी मूठ काढून उघडली. आतून ती बारीक रेघांनी भरली होती.

"तुमच्या वडिलांच्या हयातीत हे पातं किती वेळा वाकडं मिटलं असेल! प्रत्येक घाव या शिंगानं आपल्या अंगावर घेतला. पात्याचं घर घाव झेलण्याइतकं मऊ असावं लागतं." मग सहज विचारल्यासारखं त्यानं विचारलं, "तुम्ही सौदा घालवून घरी यायचात, तेव्हा वडील काय म्हणायचे?"

व्यापाऱ्यानं त्या रेघांवरून बोट फिरवलं. "भरलं गलबत बुडवून आलो होतो," तो म्हणाला. "ते म्हणाले, पाय धू आणि जेवायला बस."

म्हाताऱ्यानं शिंगाचं चिरलेलं टोक कापलं, थोडं मागे नवं भोक पाडलं, पितळेचा खिळा ठोकला आणि धार पुन्हा लावून दिली. चांदीचा गोळा व्यापाऱ्याच्या हातात ठेवून म्हणाला, "याचा पेला करा. दारात आलेल्याला पाणी द्यायला बरा पडेल."

सगळे गेल्यावर शिष्य फुगून बसला होता. "मोडायचीच होती, तर करायला का लावलीत?"

"सुंदर होती म्हणून तर मोडल्यावर सगळे गप्प झाले, गड्या. वेडीवाकडी असती तर माझं कुणी ऐकलं असतं?"

गलबत सुटायच्या वेळी धक्क्यावर सगळे शेठजींच्या भाषणाची वाट पाहत होते. शेठजी मुलाजवळ गेले. ओठ दोनदा हलले. "आलास की पाय धू," ते म्हणाले, "आणि जेवायला बस."

मुलगा दचकला. कमरेचा वस्तरा त्यानं घट्ट धरला. "यायला फार उशीर झाला तर?"

"ताट झाकून ठेवीन."

मुलगा वाकला आणि बापाच्या पायांवर डोकं ठेवून बराच वेळ उठला नाही.

तुमच्याही घरी संध्याकाळी कुणीतरी परत येत असेल. दारातला पहिला शब्द शिंगाचा ठेवा. चांदी दिवाणखान्यात शोभते.